शांतलिंगाचं बोट

शांतलिंगाला अमीनसाहेबाच्या पिकदाणीची जी शिसारी बसली, ती जन्मात गेली नाही.

पानं त्याचीच असायची. बार्शीच्या बाजारात निवडून घेतलेली, ओल्या फडक्यात गुंडाळून डोक्यावरच्या डालीतून सहा कोस वाहिलेली, घरी आल्यावर एकेक उलटून पाहिलेली. बारीकसा डाग दिसला की पान बाजूला. या कामात तो इतका नेटका होता की बायको इरम्मा म्हणायची, "लेकरू असतं तर त्येला बी असंच उलटून बघितलं असतं तुमी." आणि अशी ती पानं ठाण्यातला अमीनसाहेब चार-चार एकदम तोंडात कोंबायचा, दोनदा चावायचा आणि थुंकायचा. थुंकायचा कुठं? तर समोर उभ्या असलेल्या शांतलिंगाच्या हातातल्या पितळी पिकदाणीत. खबर सांगायची ती पिकदाणी छातीशी धरून. निम्मी थुंकी भांड्यात, निम्मी मनगटावर. वरून अत्तराचा आणि न धुतलेल्या अंगाचा मिळून एक वास यायचा. शांतलिंग श्वास रोखून बोलायचा, त्यामुळं त्याच्या खबरी आखूड असायच्या, आणि अमीनसाहेबाला वाटायचं, माणूस मोजकं बोलतोय, म्हणजे पक्का आहे.

खबऱ्या म्हटला की बेरकी नजर आणि मांजराची चाल असं काहीबाही डोळ्यांपुढं येतं. शांतलिंगाकडं यातलं काही नव्हतं. वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं, चढावर धाप लागायची, आणि कानावर गुपित पडलं की कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या. निजामाच्या एवढ्या थोरल्या मुलखात हेरगिरीला याच्याहून नालायक माणूस शोधून सापडला नसता. पण अमीनसाहेबानं शोधलंच कुठं होतं? त्याच्या हाती आपसूक लागला होता.

गाव येरमाळ्याच्या मावळतीला, मुलखाच्या पार कडेला. पुढं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आणि नाक्यापलीकडं इंग्रजांची बार्शी. पंचेचाळीस साली त्या नाक्यावर शांतलिंगाच्या डालीत पानांखाली अडीच शेर तंबाखू निघाली. जकात चुकवून तंबाखू आणणारे पन्नास जण होते, सापडला हा. कैदेत जातोस की खबर देतोस, असं अमीनसाहेबानं विचारलं आणि शांतलिंगानं क्षणभरही वेळ घेतला नाही. याची पुढं त्याला स्वतःलाच किळस यायची. निदान दोन घटका रडायला हवं होतं, असं त्याला वाटायचं.

अमीनसाहेब हैदराबादकडचा, पण लिंगायत माणूस कशाला धरून असतो एवढं त्याला ठाऊक होतं. "गले के लिंग पे हाथ रख," तो म्हणाला. "मैं पूछूँगा, तू सच बोलेगा." शांतलिंगानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की विचारतील त्याचं खरं उत्तर देईन.

घोटाळा झाला तो इथंच. शांतलिंग शपथ मोडायचा नाही, खोटं एक अक्षर बोलायचा नाही. पण गावात खरं असं घडत काय होतं? "धोंडीबाचा बैल फुगलाय." "इहिरीवर दोघीत रश्शीवरनं भांडण झालं." "मल्लिनाथच्या घरी तीन दिस पुरण शिजतंय." अमीनसाहेब थुंकायचा थांबून हे ऐकायचा. बैल फुगलाय म्हणजे काय, गावात असंतोष आहे. रश्शीवरून भांडण म्हणजे दोन तट पडलेत. आणि तीन दिवस पुरण म्हणजे कुणीतरी बडा माणूस लपलाय. मल्लिनाथच्या घराला सहा जवानांनी वेढा घातला तेव्हा आत जावई सापडला. तीन दिवसांच्या पुरणानं त्याला हगवण लागली होती आणि तो अंथरुणावरून उठायला तयार नव्हता. जवानांनी उरलेलं पुरण खाल्लं आणि परत गेले. कागदावर मात्र शांतलिंगाच्या नावापुढं 'भरवशाचा खबरी' असा शेरा पडला.

गावाला हे कळायला महिना लागला नाही. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तो आला की बोलणी पावसावर जायची. दारात पानं घेताना बाया हात लांब करायच्या, पूर्वी उंबऱ्याआत बोलवायच्या त्या आता चौकटीत आडव्या उभ्या राहायच्या. ठाण्यावरून आला की इरम्मा त्याला दारातच थांबवायची आणि हातावर राख आणि पाणी ओतायची. "मनगटाला वास मारतोय," एवढंच म्हणायची. तो खरवडून हात धुवायचा आणि वास तसाच राहायचा.

पण त्याला खरं खुपलं ते येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागात गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे आपापल्या रानात. पाच कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, वरून घोंगडं टाकायचं, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. शेंगाभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीच्या पिठाच्या गोळ्यांचे उंडे, खीर, मडकंभर आंबील. आणि बांधावरून जाणाऱ्या हरेकाला हाक मारायची. ओळखीचा असो, परका असो, कोर्टात भांडत असलेला भाऊ असो, त्या दिवशी हाक मारायचीच, आणि हाक आली की जेवायचंच. शांतलिंगाला गुंठाभर जमीन नव्हती. त्याची येळवस म्हणजे लोकांच्या हाका. ठाण्याची पायरी चढल्यापासून दोन येळवशी तो बांधाबांधानं हिंडला आणि एक हाक आली नाही. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं. दोन्ही वेळा तो घरी आला आणि इरम्मानं न विचारता भाकरी वाढली. गावानं पुन्हा एकदा हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. बाकी तंबाखू, ठाणं, निजाम आणि काँग्रेस सगळं खड्ड्यात गेलं तरी चाललं असतं.

अठ्ठेचाळीसचा जानेवारी उजाडला. इंग्रज गेला होता, बार्शीला तिरंगा होता, आणि इकडं निजामाचंच राज्य. गावातल्या सारजाबाईचा एकुलता एक मुलगा बलभीम मास्तरकी सोडून हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. नाका जाळला त्यात तो पुढं होता असं म्हणत. सापडला तर ठाण्यातून जिवंत बाहेर येणार नाही, हे गावाला ठाऊक होतं.

"येळवस को बाहर गया आदमी घर आता क्या?" अमीनसाहेबानं विचारलं.

"येतो, सायेब." शपथ होती.

"सारजाबाई का लौंडा?"

"ते मला ठाव न्हाय." हेही खरंच होतं.

"तो मालूम कर. शाम को मैं गाँव की शिव पे खड़ा रहूँगा. पूछूँगा, बोलना. नहीं तो तंबाखू का कागज अभी मेरे पास है." आणि तो थुंकला.

येळवशीच्या सकाळी शांतलिंग निघाला तेव्हा इरम्मा म्हणाली, "कुणी बलीवलं न्हाय तर लौकर या. भाकरी ठिवते."

रानाची पहिलीच पट्टी सारजाबाईची. म्हातारी कोपीपुढं चूल फुंकत होती. तिनं त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली. शांतलिंग पुढं गेला. पुढच्या रानातून ईरण्णा ओरडला, "ओ शांतलिंग! या की जेवायला!"

शांतलिंगानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. हाक त्यालाच होती.

तो बसला. भज्जी गरम होती, वर तेल सोडलेलं. ईरण्णाच्या बायकोनं दोनदा वाढली. शांतलिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं मिरचीवर ढकललं. हात धुतोय तोच शेजारच्या रानातून हाक. तिथं आंबील. आंबील ओरपतोय तोच तिसरी हाक. चौथ्या रानात दोघांनी त्याच्या दंडाला धरूनच बसवलं. "दोन साल झाली, आमच्याकडं जेवला न्हायसा," असं माणसं म्हणत होती, आणि शांतलिंग मनातल्या मनात गावाचे पाय धरत होता. पाचव्या रानात त्याला पहिली करपट ढेकर आली. सहाव्यात आंबिलीतला लसूण नाकात चढला. सातव्यात भज्जीतलं बेसन टाळूला चिकटून बसलं, निघेना. न खाऊन चालत नव्हतं, येळवशीचं अन्न नाकारणं म्हणजे कुणब्याचं पीक नाकारणं. आठव्या रानात त्यानं उंडा हातात घेतला आणि त्याला त्या गोळ्याचीच ओकारी येऊ लागली.

आणि तेव्हाच त्याला धोंडीबा दिसला. हा साठीचा, गुडघेदुखीनं गांजलेला माणूस, बांधावरून वाकून पळत पुढच्या रानाकडं चालला होता. पुढच्या कोपीपाशी जाऊन त्यानं हात हलवून काहीतरी सांगितलं. लगेच तिथली बाई उठली, पदर सावरला आणि हसून ओरडली, "शांतलिंगअण्णा, या जेवायला!"

शांतलिंगाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही हाक नव्हती, हा बंदोबस्त होता. त्याला जेवायला कुणी बोलावलं नव्हतं, एका रानातून दुसऱ्या रानात नुसतं हाकलत नेलं होतं. आणि एवढं कळल्यावर बाकीचंही कळायला वेळ लागला नाही. तीन वर्षं गाव त्याला बैल आणि रश्श्या पुरवत होतं. हा गेला तर अमीन दुसरा खबऱ्या धरील आणि तो हुशार निघाला तर? म्हणून याला जपून ठेवला होता. दुभत्या म्हशीला जपतात तसा, फक्त ही म्हैस बिनकामाची आहे म्हणून. शांतलिंगाला गावाची किळस आली, पोटातल्या अन्नाची आली, आणि मघाशी डोळ्यांत आलेल्या पाण्याची तर सगळ्यात जास्त आली.

त्या रागातच आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डोकं हेरासारखं चाललं. आज वैऱ्यालाही हाक मारतात. मला हाक कुणी मारली नाही? एकटीनं. सारजाबाईनं. गावानं सगळं नीट ठरवलं होतं, पण म्हातारीला भीतीनं तोंडातून शब्द काढवला नव्हता.

वाटेत आणखी दोन रानांनी धरून बसवलंच. दहा रानांचं अन्न पोटात घेऊन तो सारजाबाईच्या बांधावर उभा राहिला. आता मात्र तिला म्हणावंच लागलं. "ये. बस."

"आधी पांडवांच्या पाया पडतो, आक्का," शांतलिंग म्हणाला आणि त्यानं कोपीचं घोंगडं उचललं.

पाच पांढरे दगड ओळीनं. त्यांच्यामागं गुडघे पोटाशी घेऊन बलभीम बसला होता. मिशीला आंबील लागलेली. बलभीम हलक्या आवाजात म्हणाला, "काका, जेवलात का?" त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

शांतलिंगानं दगडांना हात जोडले आणि घोंगडं सोडलं. बाहेर सारजाबाईनं पत्रावळ मांडली होती. ती रडली नाही, पाया पडली नाही. ती नुसती वाढत गेली आणि तो खात गेला. अकरावं रान.

दिवस कलताना शांतलिंग शिवेवर आला. चिंचेखाली चार जवान आणि अमीनसाहेब. नवी पांढरी विजार, चकचकीत बूट, तोंडात पानं. एका जवानाकडची पिकदाणी त्यानं खुणेनं शांतलिंगाच्या डाव्या हातात द्यायला लावली. शिवेवरसुद्धा ती आणली होती.

तेवढ्यात रानातून हेंडगे निघाले. येळवशीच्या सांजेला कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात आणि आरोळ्या ठोकत ओढ्यापलीकडं नेऊन टाकतात. तीस-चाळीस माणसं, तोंडं धुरानं आणि काजळीनं माखलेली, पेटत्या पेंढ्या डोक्यावर नाचवत शिवेकडं पळत येत होती. मागून टोपल्या घेतलेल्या बाया. ओढ्यापलीकडची पाऊलवाट बार्शीला जात होती.

"ये क्या तमाशा है?" अमीनसाहेब म्हणाला. तो ज्वाळांकडं बघत होता.

पुढून तिसरा माणूस बलभीम होता. काजळीआडूनही शांतलिंगानं ओळखला. आठ-दहा पावलांवरून जात होता. शांतलिंगाचा उजवा हात वर आला, बोट ताठ झालं, तोंड उघडलं.

आणि अमीनसाहेब थुंकला. कोमट पिंक शांतलिंगाच्या मनगटावर पडली आणि कोपरापर्यंत ओघळली.

मग अकरा रानं वर आली. पहिल्यांदा पिकदाणी भरली, मग ओसंडली, मग नेम चुकला. आंबील, भज्जी, वाटाणे, उंडे, खीर, सगळं अमीनसाहेबाच्या विजारीवर आणि बुटांवर. ओकारी दाबायला मागं घेतलेलं शांतलिंगाचं बोट तोंडापाशीच राहिलं होतं आणि अन्न त्यावरून वाहत होतं. तीन वर्षं दुसऱ्याच्या हातावर थुंकणाऱ्या त्या माणसाला हे सोसवलं नाही. तो आधी किंचाळला, मग चिंचेला धरून स्वतःच ओकायला लागला. दोन जवान त्याच्यामागं धावले, दोघं तोंड फिरवून खांदे हलवत हसत होते. हेंडगे आरोळ्या देत ओढ्यापार गेले. परत येताना एक माणूस कमी होता, पण मोजणाऱ्याचं तोंड झाडाकडं होतं.

त्यानंतर ठाण्याचं बोलावणं कधी आलं नाही. शांतलिंगाचं नाव निघालं तरी अमीनसाहेबाला मळमळायचं म्हणे, आणि तंबाखूचा कागद त्यानं हात न लावता दफ्तरात तसाच पडू दिला. भादव्यात हिंदची फौज आली, निजामाचं राज्य पाच दिवसांत आटपलं, अमीनसाहेब कुठं गेला कुणाला कळलं नाही. बलभीम परत आला. चावडीपुढं सगळ्यांसमोर तो म्हणाला, "शांतलिंगकाकांनी मला कोपीत बघितलं व्हतं. त्येंनी घशात बोट घालून त्या अमीनाला आंघोळ घातली नसती, तर आज म्या हितं नसतो."

घशात बोट. चाळीस माणसांनी पळता पळता पाहिलं होतं, बोट तोंडाशी होतं. शांतलिंग 'तसं न्हाय' म्हणायला उठला, तेवढ्यात गळ्यात झेंडूचा हार पडला आणि तो बसला. पुढं पुढं तो स्वतःच सांगू लागला, बोट कसं घातलं, किती आत घातलं. त्याला वाईट वाटलं तर स्वतःशी म्हणायचा, मी काही बेइमान नव्हतो, गळ्यातल्या लिंगाची शपथ होती, विचारल्यावर मला खरं सांगणं भागच होतं. यावर त्याला झोप लागायची. बाया पुन्हा उंबऱ्याआत बोलावू लागल्या होत्या.

पुढची येळवस आली. या वेळी हाका खऱ्या होत्या. प्रत्येक रानात त्याला मधोमध बसवून गोष्ट सांगायला लावली आणि लोक पोट धरून हसले. सगळ्यात शेवटी तो सारजाबाईच्या रानात आला. बलभीम पाणी आणायला विहिरीवर गेला होता. म्हातारीनं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली आणि समोर बसली.

"म्या हेंडग्यामागं व्हते, शांतलिंगा," ती म्हणाली. "तुज्या समोरच."

शांतलिंगाचा घास हातात राहिला. "आक्का, शपथ व्हती माजी. लिंगाची. इचारल्यावर..."

"त्यानं इचारलंच कुटं व्हतं? ते जाळाकडं बघत व्हतं. त्यानं इचारायच्या आधी तुजं बोट वर झालं. माज्या लेकाकडं."

रानात वारा नव्हता. शांतलिंगाला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळत होत्या. तो म्हणाला, "मग मला जेवाया कशाला वाढता?"

"येळवस हाय," सारजाबाई म्हणाली. "आज बांधावरनं जाणाऱ्या कुत्र्याला बी वाढत्यात." आणि तिनं त्याच्या पत्रावळीत आणखी एक उंडा ठेवला. "खा. टाकू नगं."

विहिरीकडून बलभीम घागर घेऊन येत होता. लांबूनच हसून ओरडला, "काका, सावकाश! औंदा बोट घालू नगा!"

शांतलिंगही हसला. मग त्यानं मान खाली घातली आणि पत्रावळीला लागलेली भज्जी त्याच बोटानं पुसून खाल्ली.